मावशीचा बुधवार

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे अगदी शब्द न् शब्द नाही, काही शब्द माझे आहेत, कोर्टातल्या लोकांचे आवाज मी जरा सुधारलेत, आणि शपथ आईची घेतलीय कारण तिचा माझ्यावर तसाही विश्वास नाही, तिचं काही बिघडत नाही... पण निकाल खरा. असला निकाल मला सुचला असता तर मी इथे तुमच्यासमोर घसा फोडत उभा असतो का? तिकडे उंच खुर्चीत बसलो असतो, मागे पट्टेवाला.

तर माझी मावशी. बसस्टँडवर माइकवर बोलायची नोकरी. "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी..." ते. तुम्ही म्हणाल ते कुणाला कळतंच नाही. बरोबर आहे. त्या कर्ण्यातून 'फलाट' एवढं ऐकू यायचं आणि पुढे कुणीतरी रस्त्यावरून पत्रा फरफटत नेतंय असं वाटायचं. पण मावशी मन लावून बोलायची, माइकसमोर पदर सारखा करून, जसं काही प्रवासी तिला बघतायत.

आणि बुधवारी गप्प. कारण तिचा धर्म. धर्म लहान आहे हो, सगळे अनुयायी एका मिनीबसमध्ये मावतात आणि वर खिडकीची जागा उरते. त्यांचे मूळ बाबा म्हणे एका बुधवारी नको ते बोलले आणि सख्ख्या भावांनी एकमेकांची डोकी फोडली, तेव्हापासून बुधवारी मौन. बोलायचं नाही, लिहायचं नाही. मला विचाराल तर धर्म येडचाप आहे. पण येडचाप असला तरी तिचा आहे ना?

जुना डेपो मॅनेजर बुधवारी स्वतःच माइकवर पत्रा ओढायचा, कुणाला फरक कळला नाही. मग नवा आला. नाकात बोलणारा. "काय आहे मावशी, आपण शिस्तीला महत्त्व देतो. बुधवारी बोला, नाहीतर घरी बसा." मावशी उत्तर देणार कशी? बुधवार होता. घरी बसली.

आता आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, वकील आहेत. म्हणजे कोट आहे. ते म्हणाले, "मावशी, घाबरायचं कारण नाही, धर्म पाळायचं स्वातंत्र्य घटनेत लिहिलंय." मी म्हटलं झालं मग, दाखवा आणि चला घरी. तर म्हणे तसं नसतं. कोर्ट आधी बघतं की ही प्रथा धर्माचा गाभा आहे का. म्हणजे एवढी काढून टाकली तर धर्म उरतो का. गाभ्यात असेल तर संरक्षण, नसेल तर राम राम. मी विचारलं, गाभ्यात काय आहे ते मावशी सांगेल ना? "छे, ते कोर्ट ठरवतं." वा. धर्म मावशीचा, गाभा कोर्टाचा.

आणि जुने निकाल वाचून दाखवले त्यांनी. तुम्हाला सांगतो, एका पंथाचं नाचणं कोर्टानं गाभ्याबाहेर काढलं, का, तर पंथ आधीचा आणि नाच नंतर आला. बिचाऱ्यांनी मग आपल्या पुस्तकात नाच लिहून घेतला. तर म्हणे आत्ता लिहिलंत म्हणून काय झालं? म्हणजे आधी लिहिलं नाही म्हणून मार, आणि लिहिलं म्हणूनही मार. सासू बरी हो.

केस लागली. कधी? बुधवारी. असल्या केसेस तिथे बुधवारीच लागतात.

जजसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, बुधवारी बोललात तर तुमच्या धर्माचं नक्की काय होतं?"

मावशी गप्प.

बसकंपनीचा वकील उठला, पोट आधी, तो नंतर. "साहेब, बाईंकडे उत्तरच नाही."

भाऊजी उठले. "साहेब, हेच उत्तर आहे."

"रेकॉर्डवर काय लिहू?" साहेब म्हणाले. तिघं विचारात पडले. बघा ना, बोलली तर मौन गाभ्यात नाही, केस गेली; नाही बोलली तर पुरावा नाही, केस गेली. भाऊजींनी विनंती केली, साहेब, गुरुवारची तारीख द्या. तर साहेब म्हणाले, "हे बेंच बुधवारीच बसतं, तशी प्रथा आहे." माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की साहेब, प्रथा गाभ्यातली आहे का? पण भाऊजींनी पाय दिला माझ्या पायावर.

शेवटी ठरलं, मावशीच्या खुणा समजावून सांगायला घरचा माणूस उभा करा. घरचा रिकामा माणूस म्हणजे मी. आता मला शपथ देऊन उभं करायचं, ही चूक कुणाची?

साहेबांनी विचारलं, "बुधवारऐवजी मंगळवारी गप्प बसलं तर चालेल का?" मावशीनं भुवई उडवली. मी म्हणालो, "साहेब, त्या म्हणतायत, लग्न ठरलंय एकाशी, मांडवात दुसरा बसला तर चालेल का?" साहेबांनी लिहून घेतलं. पोटवाला म्हणाला, "एका भुवईत एवढं?" मी म्हटलं, "दोन्ही उडवल्या असत्या तर जेवायची सुट्टी झाली असती." मग मावशीनं पंख्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "त्या म्हणतायत, वरचा सगळं बघतोय." खरं तर तिला वारा लागत होता. मग त्या दोघा वकिलांचं तासभर यावर चाललं की खूण करणं म्हणजे बोलणं का, आणि बोट गाभ्यात येतं की नुसती भुवई. मावशी बसलीये समोर, तिला तिच्या धर्मातलं कुणी काही विचारत नाहीये. धर्म मावशीचा, गाभा कोर्टाचा.

आणि मग निकाल. तोही बुधवारीच. साहेब म्हणाले, या बाईंची नोकरी पणाला लागली तरी त्या बोलल्या नाहीत, तेव्हा श्रद्धा खरी आणि बुधवारचं मौन हा धर्माचा गाभाच. भाऊजींनी माझा हात दाबला. पुढे साहेब म्हणाले, परंतु. तुम्हाला सांगतो, निकालात 'परंतु' आला की चपला शोधायला लागावं. परंतु प्रवाशांचीही सोय बघितली पाहिजे. म्हणून बाईंनी मंगळवारी आपला आवाज टेप करून द्यावा आणि कंपनीनं तो बुधवारी लावावा. बाई गप्प, गाडी चालू, घटना खूश.

भाऊजींनी कोर्टाच्या पायरीवर फोटो काढून घेतला.

मावशीनं मंगळवारी टेप केलं. मी होतो तिथे. नवा माइक, नवा कर्णा आणला होता, पहिल्यांदाच तिचा आवाज स्वच्छ आला. मी म्हटलं, मावशे, उरक की. म्हणाली, "थांब रे. बुधवारच्या लोकांना इतकी वर्षं नीट ऐकायला मिळालं नाही, त्यांना चांगलं पाहिजे." एकेक गाडी परत परत म्हटली.

बुधवारी टेप लागली. झकास. गुरुवारी मावशी कामावर गेली, तर टेप चालूच. मॅनेजर नाकात म्हणाला, "मावशी, आम्ही कोर्टाच्या आणि तुमच्या धर्माच्या आदराखातर असं ठरवलंय की आता सातही दिवस तुम्हाला बुधवार."

झालं. मौन जिंकलं, तोंड बेकार झालं.

आता मावशी बुधवारी स्टँडवरच्या बाकड्यावर जाऊन बसते. वर तिचाच आवाज खणखणीत बोलतोय, बुधवारी, धर्म बुडवून. आणि मध्ये गाड्यांचे फलाट बदलले, टेप कुणी बदलली नाही. लोक चुकीच्या गाडीत बसतात, उतरून तिच्यावरच खेकसतात, "ओ बाई, हा तुमचाच आवाज ना?" आणि ती... काय करणार?

भाऊजी म्हणतात अपील करू, मुद्दा जबरदस्त आहे, माणसाचा आवाज त्याच्या धर्मात मोजायचा की कंपनीच्या सामानात. मी विचारलं, ठरवणार कोण? तर हसले. धर्म मावशीचा, गाभा कोर्टाचा, आणि खर्च? भाऊजी घरचे म्हणून फी निम्मी, पण ती निम्मीसुद्धा बेकार बाईनं आणायची कुठून? तुम्ही एवढा वेळ फुकट हसलात. आता का गप्प झालात? नाही नाही, राहा गप्प, मौनाचा मला पूर्ण आदर आहे. खिशात हात घालायला तोंड लागत नाही.