मागच्या खोलीची किल्ली

हॅलो?… कोण?… अगं तू! थांब, दूध उतरवते… हां, बोल. या वेळेला कसा फोन? बरी आहेस ना?…

कोणाचा फोन आला तुला?… वायरमनचा? थेट तुलाच केला? चोंबडा कुठला!… हो, हो… अगं ऐक ना… हो, खरं आहे. रविवारी प्रार्थनेनंतर सोलर सुरू करायचं होतं, नाही झालं… किल्ली सापडत नाही म्हणून. चर्चच्या मागच्या खोलीची. तिथेच बसवलंय ना ते सगळं, इन्व्हर्टर आणि ते मोठं बटण.

…हो, किल्ल्या अजून तुझ्या पप्पांकडेच असतात.

ओरडू नकोस… मला बोलू देशील?… आठवतंय गं. मी होते चर्च कमिटीच्या त्या सोलरच्या मीटिंगला, तुझ्या शेजारीच. ‘मी जिवंत असेपर्यंत दोनशे वर्षांच्या छपरावर काचा ठोकू देणार नाही,’ म्हणाले ते. आणि तू काय कमी बोललीस? सगळ्यांसमोर म्हणालीस, तुम्हाला दगडांची काळजी आहे, पोरांची नाही. त्याच आठवड्यात बॅग भरून गेलीस. दोघं एकाच साच्यातले.

बरं, शेवटी बसले ना पॅनल, कसे दिसतात ते तरी विचार… अगं, रस्त्यावरून दिसतच नाहीत! मागच्या उतारावर, तू चित्र काढून दिलं होतंस तस्सेच. जुन्या लाकडाला एक भोक पाडलं नाही. आणि रोज सकाळी ते पुसतं कोण, सांग… तुझे पप्पा!… शपथ! लांब दांड्याचा मऊ पोछा करून घेतलाय. कबुतरांशी भांडतात. परवा फादर म्हणाले, ‘अहो, अजून सुरूही झालेलं नाही.’ तर यांनी असं काही बघितलं, की फादर गुपचूप आत निघून गेले.

…मग किल्ली कुठे गेली? थांब, दार लोटते… आहेत बाहेर, झाडांना पाणी घालताहेत. ऐक. किल्ली हरवलेली नाही. त्यांच्या खिशात आहे… अगं, मी शर्ट धुवायला घेतला तर झडपच घातली. ‘तो राहू दे आज.’ पण माझ्या हाताला लागली ना ती, एवढी मोठी लोखंडाची.

मीही आधी तेच समजले. म्हटलं, म्हातारा पुन्हा हट्टाला पेटला. कमिटीही तेच म्हणते. पाळणाघरवाल्या बाई तर तोंडावर बोलून गेल्या. जास्तीची वीज त्यांनाच मिळणार ना, पोरं दुपारची घामाघूम होतात तिथे. वायरमन म्हणाला, कुलूप तोडू. तर हे काय म्हणाले असतील? कुलूप चर्चइतकंच जुनं आहे, वारसा खात्याची परवानगी लागेल! आणि अर्ज स्वतःच लिहून दिला… हस, हस. तुला ज्या खात्याची भीती घालायचे, तेच आता यांच्या मदतीला.

पण परवा जेवताना मला विचारतात, ‘त्या लोकांच्या ऑफिसला सुट्टी कधी असते?’ म्हटलं, कुठल्या लोकांच्या? ‘सहज विचारलं.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिकडून येणारी गाडी अजून सकाळचीच आहे का. चेहरा अगदी साळसूद… हो… हो गं बाई, तुझीच वाट बघताहेत. ते बटण दुसऱ्या कोणी दाबलेलं त्यांना चालणार नाही. आणि तोंडाने सांगणार नाहीत, जीव गेला तरी.

…मग, येतेस ना?

…हो, काम… हो, सुट्टी मिळणार नाही… व्हिडिओवर बघशील. बघ. मीही तुला व्हिडिओवरच बघते, कपाळ तेवढं दिसतं… रागावले नाही गं. तुझ्या खोलीत आता कमिटीच्या जास्तीच्या खुर्च्या ठेवल्यात, एकावर एक. दुपारी मी आत जाते, वरची एक काढते आणि बसते. काही करत नाही, नुसती बसते. तुझ्या तेलाचा वास येतो तिथे अजून, की मलाच येतो कोण जाणे. वीज काय, आज नाही तर उद्या येईल. मला तू हवी आहेस गं. तू यायला हवी आहेस मला.

…रडू नकोस… काय?… पुढच्या रविवारी?… साहेबांना विचारून बघशील. म्हणजे नक्की नाहीच ना. मग मी नाही सांगायची त्यांना. उगाच आशा लावून… तूच सांग… घाबरतेस कसली?… थांब, आलेच ते. अहो, पाय पुसा आधी! फोन आहे… तुमचाच… कोण काय विचारता, धरा!

…

…हॅलो? मी आहे. माझ्या हातात फोन कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेत. काय बोलले गं?… काहीच नाही? मग तू?… तूही नाही? एवढा वेळ दोघं फोन कानाला लावून गप्प? धन्य आहे तुमची!

…काय?… पुन्हा सांग… विचारून बघते वगैरे नाही? येतेसच?… शनिवारीच?… अगं…

थांब, ठेवू नकोस. हे हात पुढे करून उभे आहेत. फोन परत हवाय त्यांना.