कागदाला लावायची नाही ती कात्री

मला घरात आणि गल्लीत 'बीए' म्हणतात, कारण आमच्या घरात आजवर दुसऱ्या कोणी ते केलेलं नाही. वय तेवीस. काम: प्राथमिक शाळेत बदली शिक्षिका. राहणार शिलाईच्या दुकानावरची खोली, जिना मागच्या बाजूने. खालचं दुकान चालवणारे मास्तर यांनी स्वतःची स्कूटर आणि दुकानातली मोठी कात्री चोरीला गेल्याची तक्रार दिली आहे. त्याबाबत विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, दोन्ही वस्तू मीच नेल्या.

मास्तरांकडे शिवणकाम करणारी माझी मैत्रीण शेजारच्या खोलीत राहते. तोंडात कायम टाचण्या धरून बोलते, म्हणून तिला टाचणी म्हणतात. सदर कात्री दुकानाची नसून तिची स्वतःची आहे. मागे एकदा मी त्या कात्रीने शाळेचा तक्ता कापला होता. कागदाने कापडाच्या कात्रीची धार जाते. टाचणी माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि बोलली तेव्हा जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काल दुपारी ती वर आली. तोंडात टाचण्या नव्हत्या. कात्री माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "घे, तुलाच ठेव. कागद काप हवं तर."

मी तिला सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतंय का?"

"काय अभद्र बोलतेस!"

"येतंय का?"

ती खाली बसली. त्यानंतर ती काय बोलली ते या जबाबात येणार नाही. हवालदारसाहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. मी मध्ये एकदाही बोलले नाही, एवढंच लिहावं. मला ओळखणाऱ्यांना प्रसंग त्यावरून कळेल.

मी सरकारी दवाखान्यात फोन केला. मनाच्या डॉक्टर बसल्या आहेत, लगेच या, असं सांगण्यात आलं. टाचणी म्हणाली, "उद्या जाऊ." मी म्हटलं, "आत्ता." नाक्यावर एकही रिक्षा नव्हती. मास्तर गळ्यात टेप घालून कापायच्या टेबलावर झोपले होते. त्यांना उठवलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायचा हक्क माझा नव्हता. किल्ली खिळ्यावर होती.

गाडी मी चालवली. परवान्याच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. निघताना दारातला गणवेश घातलेला पुतळा आडवा झाला. टाचणी मागून ओरडत होती, "ब्रेक! अगं, तो हॉर्न आहे!" आणि वळणावर म्हणाली, "तुझ्यामागे बसून मेले तर लोक अपघात म्हणतील." तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की गाडी थांबवावी लागली. हवालदारसाहेब विचारतात, त्यात हसण्यासारखं काय होतं. काहीच नव्हतं.

पुढे पेट्रोल संपलं. उरलेला रस्ता आम्ही गाडी ढकलत नेली, तेव्हा चोरी म्हणायची तर फार हळू चोरी झाली.

डॉक्टरीणबाई तिच्याशी बराच वेळ बोलल्या. मी बाहेर बसले. त्यांनी गोळ्या दिल्या, पुन्हा यायचा दिवस सांगितला, तिला एकटं ठेवू नका आणि कात्री सध्या तुमच्याकडेच राहू द्या, असं मला सांगितलं. टाचणीच्याच परवानगीने तिच्या थोरल्या बहिणीला कळवलं. ती निघाली आहे. रात्री टाचणी माझ्या खोलीत झोपली. ती झोपेत लाथा मारते. काल रात्री मला त्याचं बरंच वाटलं. गाडी दवाखान्याच्या आवारात राहिली, ती माझी चूक.

आज ठाण्यात टाचणीने मास्तरांना सगळं स्वतःच सांगितलं. मास्तर बराच वेळ टेप गुंडाळत बसले. मग माझ्यावर खेकसले, "मला उठवायला काय झालं होतं? मी नेलं असतं की पोरीला!" तक्रार ते मागे घेत आहेत. पुतळ्याबद्दलचा राग कायम आहे.

कोणाबद्दल काळजी वाटली तर सरळ विचारावं, विचारल्याने तसलं खूळ डोक्यात शिरत नाही, हे वाक्य मी जबाबात घालायला सांगितलं. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, हा जबाब आहे, निबंध नाही." थोड्या वेळाने त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "खरंच सरळ विचारलं तर चालतं?" मी म्हटलं, "चालतं." त्यांनी ते वाक्य घातलं.

त्यानंतर कात्री मला परत दिल्याची चिठ्ठी करायची म्हणून साहेबांनी कागद घेतला आणि मी सकाळी टेबलावर जमा केलेली तीच कात्री उचलली. बाकावर सकाळपासून मान खाली घालून बसलेली टाचणी एकदम उठली. "ओ साहेब! कागदाला लावू नका ती! कापडाची आहे!"

सगळं ठाणं वळून बघायला लागलं. तिने कात्री काढून घेतली, पाती ओढणीला पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "नीट ठेव. मी परत मागणार आहे."

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच उतरला आहे आणि खरा आहे. परवान्याचं पुन्हा कोणी विचारलं नाही. सोबतच्या चिठ्ठीची कड वाकडी आहे, कारण ती हाताने फाडली आहे.