पापणी आधी पडली

डॉ. पद्मजा : बीपी नाही, शुगर नाही, वय चाळिशीच्या आत. तरी भागवतरावांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मेंदूत गुठळी अडकली आहे, पण ती आली कुठून? शालूबाई, मुलाच्या मानेला काही झालं होतं का?

शालूबाई : काही नाही जी. धडधाकट होता माहा पोरगा.

अश्विनी : आत्याबाई, सांगू द्या ना.

शालूबाई : तू चूप राह्य.

अश्विनी : मॅडम, सोयाबीनचं पोतं उचलताना यायच्या मानीले हिसका बसला. डावीकून लय दुखे. मी पायाळू, पायाकून जन्मलेली. गावात कोनाची लचक भरली का मले बलावतात, पाय लावाले.

डॉ. पद्मजा : मग यांनाही लावलात?

अश्विनी : नवऱ्याच्या मानीले पाय कसा लावू? नाहीच म्हनत होती मी. शेवटी काल दिवे लागनीले अंगठा टेकवला. आज सकाळी हे असं. लोक म्हनून राह्यले, बायकोनं लाथ मारली अन् नवरा पडला.

शालूबाई : म्याच गळ घातली होती. तिले काही म्हनू नका.

डॉ. पद्मजा : दाबलंत? झटका दिलात?

अश्विनी : नाही, नुसता टेकवला. त्यायची डावी पापणी उतरेल दिसे. झोप नाही झाली का, म्हनून मी चिडवलंबी होतं.

डॉ. पद्मजा : हे कधी? पाय लावल्यावर?

अश्विनी : नाही, काल सकाळीच.

डॉ. पद्मजा : मानेच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन आत्ताच करू.

(दुपारी, स्कॅन झाल्यावर.)

डॉ. पद्मजा : सापडलं. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या रक्तवाहिनीचा आतला पदर फाटलाय. तिथली गुठळी वर सरकली. पापणीची नस त्या रक्तवाहिनीला लागूनच असते, ती दाबली गेली, म्हणून पापणी आधी पडली.

अश्विनी : म्हंजे माह्या पायानं नाही?

डॉ. पद्मजा : नाही. तुम्ही पाय लावायच्या आधीच, पोत्याच्या हिसक्यानं ते फाटलं होतं. पण यापुढे अशी मान घेऊन कुणी आलं तर हात लावू नका, पाय लावू नका. इकडे पाठवा.

शालूबाई : बोलीन ना जी माहा पोरगा?

डॉ. पद्मजा : रक्त पातळ करायचं औषध सुरू केलंय. चीर बहुतेक वेळा भरून येते. बोलणं कधी येईल, ते आज नाही सांगता येत. अश्विनीताई, तुम्ही आत का जात नाही? ते डाव्या हातानं सारखं दाराकडे दाखवतायत.

अश्विनी : भेव वाटते, मॅडम.

शालूबाई : जाय माय. उजवा हात धरजो त्याचा. त्याले समजलं नाही तरी धरजो.