माऊसला हात लावायचा नाही

मॅडम : नाही, तशी नाही. खुर्ची पूर्ण फिरवा. तोंड भिंतीकडे, पाठ स्क्रीनकडे.

मिस्त्री : पूर्ण?

मॅडम : पूर्ण. पहिल्या वेळी तिसऱ्याच मिनिटाला तुम्ही बायकोच्या हातातून माऊस हिसकावलात. दुसऱ्या वेळी मी तुम्हाला त्या खिडकीपाशी बसवलं, तर एका ढेंगेत येऊन पोचलात. आता भिंतच बरी.

अक्का : अहो मॅडम, हा जन्मापासून असाच. रेडिओ खरखरला की त्याला एक थोबाडीत द्यायचा. घरात सगळे ठोक्या म्हणायचे ते काही उगाच नाही.

मिस्त्री : अक्का, परीक्षा आहे.

अक्का : परीक्षा तुझी आहे. मी सकाळची पाळी करून आलेय, पाय सुजून भप्प झालेत. मला खुर्ची मिळाली, मी पास.

मॅडम : तुम्ही यांच्या मोठ्या बहीण ना?

अक्का : नऊ वर्षांनी मोठी. पहिल्यांदा बायको आणली, दुसऱ्यांदा मेहुणा. दोघांनी हात जोडले, म्हणाले आम्हाला परत बोलावू नका. मग उरलं कोण? मी.

मॅडम : ठीक. नियम परत सांगते, घसा बसलाय, एकदाच सांगणार. ताई, तुम्ही ऑफिसातल्या बाई. तुम्हाला हे पत्र छापायचंय आणि ते छापलं जात नाहीये. हे हेल्पडेस्कवर फोन घेऊन बसलेत. यांना तुमची स्क्रीन दिसत नाही. हे विचारतील, तुम्ही सांगायचं. वीस मिनिटं. मिस्त्री, वळलात तर संपलं. माऊसला हात लावला तर संपलं. आणि चौथी वेळ नाही. कॉलेजचा नियम आहे, माझा नाही.

मिस्त्री : माहितेय मॅडम. सोमवारी एका दवाखान्याच्या आयटी खात्यात नोकरीला लागायचंय, तिथे सर्टिफिकेट दाखवायचंय. नाही दाखवलं तर त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे.

मॅडम : मग सुरू करा. बाहेर अजून नऊ जण बसलेत.

मिस्त्री : नमस्कार, हेल्पडेस्क. मी आपली काय मदत करू शकतो?

अक्का : अगंबाई, आपली! घरी कधी असं बोलला नाहीस.

मिस्त्री : अक्का!

अक्का : बरं बरं. अहो साहेब, माझं पत्र छापलं जात नाहीये.

मिस्त्री : आपली अडचण माझ्या लक्षात आली. स्क्रीनवर काही लिहून आलंय का?

अक्का : आलंय. प्रिंटरमधला कागद संपला आहे, असं आलंय.

मिस्त्री : छान. म्हणजे छान नाही. प्रिंटर तुमच्या उजव्या हाताला असेल. खालचा ट्रे ओढा. कागद आहे?

अक्का : थांब. आहे की. चांगला जाडजूड गठ्ठा आहे.

मिस्त्री : आहे? बरं. ट्रे नीट आत ढकला, खट् आवाज आला पाहिजे.

अक्का : आला.

मिस्त्री : आता स्क्रीनवरचा तो मेसेज गेला?

अक्का : गेला.

मिस्त्री : परत छापा. वरती डावीकडे प्रिंटरचं छोटं चित्र असेल, त्यावर टिचकी.

अक्का : मारली.

मिस्त्री : आवाज येत नाही प्रिंटरचा.

अक्का : नाहीच येत.

मिस्त्री : आता काय लिहून आलंय?

अक्का : प्रिंटरमधला कागद संपला आहे.

मिस्त्री : अगं पण गठ्ठा आहे म्हणालीस ना?

अक्का : आहे म्हणजे आहे. मी काय खोटं बोलते?

मॅडम : सहा मिनिटं झाली.

मिस्त्री : एक मिनिट. शांतपणे घेऊ. शिलाई मशीनवर धागा तुटायला लागला की नवशिके सुई बदलतात, आणि दोष असतो खाली बॉबिनच्या रिळात. अक्का, मेसेज एकेक शब्द वाच. सावकाश.

अक्का : प्रिंटरमधला. कागद. संपला. आहे. झालं?

मिस्त्री : त्याखाली बटणं आहेत?

अक्का : आहेत. होय आणि नाही.

मिस्त्री : ते काल. काल घरी सराव केला तेव्हा होय आणि नाही होतं. इथे काय आहे?

अक्का : तेच आहे. सगळ्या कॉम्प्युटरना सारखीच बटणं नसतात की काय?

मिस्त्री : मेसेज कुठल्या रंगाचा आहे?

अक्का : वर निळी पट्टी. खाली करडं. त्यात अक्षरं.

मिस्त्री : रंग बरोबर सांगितलास.

अक्का : मग? चेकर आहे मी. बावीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात दोष काढतेय.

मिस्त्री : अक्का, स्क्रीनच्या खाली एक पांढरी पट्टी चिकटवलीय. जाड काळ्या शाईने नंबर टाकलाय. कितीचा आहे?

अक्का : नंबराचा आणि छपाईचा काय संबंध?

मिस्त्री : सांग ना.

अक्का : सात.

मिस्त्री : सात?

मॅडम : मिस्त्री, वेळ चाललाय.

मिस्त्री : हो मॅडम.

अक्का : काय झालं? बोल की.

मिस्त्री : अक्का, ही माझीच जागा. वर्षभर इथेच बसलोय. चौदा नंबर आहे.

अक्का : असेल. चष्मा पुसला नाहीये.

मिस्त्री : चौदा म्हणजे दोन आकडे. तू एक सांगितलास.

अक्का : बरं, चुकले. तुझ्यासारखी वर्षभर बसले नाही मी इथे. तू पुढचं विचार. दहा मिनिटं जातील अशानं.

मिस्त्री : तुला अक्षरं दिसतात का?

अक्का : पुढचं विचार म्हणते ना!

मिस्त्री : काल घरी मी वाचून दाखवलं ते तू पाठ केलंस. इथे बसल्यापासून तेच म्हणतेयस.

अक्का : मॅडम, हे असले प्रश्न परीक्षेत चालतात का?

मॅडम : प्रश्न कुठलेही चालतात, ताई. हात चालत नाहीत.

मिस्त्री : अक्का, ऐक. डावा हात कीबोर्डवर ठेव. सगळ्यात खालची रांग, डावीकडून दुसरं बटण. सापडलं? दाबून धर. आता उजव्या हाताने आकड्यांच्या रांगेत जा. आकडे संपले की पुढचं दुसरं बटण. ते तीनचार वेळा दाब.

अक्का : दाबलं.

मिस्त्री : स्क्रीन मोठी झाली?

अक्का : झाली.

मिस्त्री : आता काय दिसतंय?

अक्का : खरं सांगू?

मिस्त्री : सांग.

अक्का : आधी धुकट होतं. आता मोठं धुकट आहे.

मिस्त्री : बाजूने बघितलं तर?

अक्का : बाजूने बरं दिसतं. माणसं दिसतात, दार दिसतं, ट्रे दिसला. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं पुसल्यासारखं होतं.

मिस्त्री : कधीपासून?

अक्का : थंडी संपली तेव्हापासून. एकाच डोळ्याला होतं आधी.

मिस्त्री : थंडी संपून आठ महिने झाले! म्हणून तू बसचा नंबर मला विचारायचीस. मी म्हणायचो, अक्काला बोलायला निमित्त लागतं.

अक्का : तेही होतंच.

मिस्त्री : आणि कारखान्यात? बावीस वर्षं तू काय बघतेस? टाके आणि डाग. दिसत नाही तर चेक कसं करतेस?

अक्का : टाका बोटाला कळतो. शिवणीवरून बोट फिरवलं की सुटलेला टाका मला अजून सापडतो, डोळेवाल्या पोरींच्या आधी सापडतो. डाग नाही सापडत. डाग शेजारच्या टेबलावरची बघते. तिला टाके जमत नाहीत. दोघींचं मिळून एक माणूस होतं, दोन पगार घेतं.

मिस्त्री : सुपरवायझरला माहितेय?

अक्का : माहीत असतं तर मी आज पाळी करून आले असते का? तुला तिथून काढलं तेव्हा दुपारच्या जेवणाला काढलं, डबासुद्धा पुरा खाऊ दिला नाही. मला तर चहापर्यंतही ठेवणार नाहीत.

मिस्त्री : डॉक्टरकडे गेलीस?

अक्का : नाही.

मिस्त्री : का नाही?

अक्का : डॉक्टर कागदावर लिहून देतो. लिहिलं की ते कुठे ना कुठे पोचतं. आणि वेळ कुठे होता? तू घरी बसलेला, तुझी बायको तोंड पाडून, तू वह्या घेऊन या कॉलेजला यायला लागलास. म्हटलं याचं एकदा मार्गी लागू दे, मग माझं बघू.

मिस्त्री : दोन वर्षं मला वाटायचं, या घरात नापास झालेला मी एकटाच आहे. सगळ्यांनी माझीच काळजी केली, आणि मी ती आयती घेत बसलो. मला लाज वाटते, अक्का.

अक्का : लाज नंतर वाटून घे. सात मिनिटं असतील अजून. मॅडम, आहेत ना? तू काहीतरी सांग, मी कुठली तरी बटणं दाबते. एखादं लागेलच.

मिस्त्री : नाही.

अक्का : नाही म्हणजे?

मिस्त्री : आजवर हात लावला म्हणून नापास झालो. आज हात लावला असता तर माऊस घेऊन अर्ध्या मिनिटात छापून दिलं असतं, आणि तुला घरी सोडून आलो असतो. मला काही कळलंच नसतं. मॅडम, मी थांबतो. तक्रार सुटली नाही असं लिहा.

अक्का : गाढवा, शेवटची वेळ आहे! मॅडम, लिहू नका. तो डोक्यात राख घालून बोलतोय.

मॅडम : मी अजून काही लिहिलेलं नाही. मिस्त्री, वळू नका. फॉर्मवर चौकटी किती आहेत?

मिस्त्री : दोन. सुटली आणि सुटली नाही.

मॅडम : तीन. अकरावा धडा. तो कोणी वाचत नाही, परीक्षेला येत नाही म्हणून.

मिस्त्री : पुढे पाठवली.

मॅडम : कधी पाठवतात?

मिस्त्री : दोष आपल्या हातचा नसेल तेव्हा. आधी तो नेमका कुठे आहे ते शोधायचं, मग ज्याचं काम त्याच्याकडे.

मॅडम : स्क्रीनवर लिहिलंय की निवडलेला प्रिंटर बंद आहे. यादीतून दुसरा निवडला की झालं. सकाळपासून अकरा जणांनी तो निवडला आणि पास होऊन गेले. तुम्हाला तो सापडला नाही. पण तुम्हाला जे सापडलं ते खोटं आहे असं मला म्हणता येणार नाही. तिसरी चौकटही पासच असते.

अक्का : मग करा ना खूण. झालं!

मॅडम : खुणेबरोबर तीन गोष्टी भराव्या लागतात, ताई. कारण, कोणाकडे पाठवली आणि तारीख. तारीख नसेल तर ती चौकट धरत नाहीत.

मिस्त्री : नको मॅडम. तिच्यावर असं नको. नापास लिहा, मी दुसरं काही बघीन.

अक्का : तू गप. दोन वर्षं दुसरं बघतच होतास. मॅडम, हा कागद जातो कुठे?

मॅडम : त्या कपाटात. वर्षअखेरीला गठ्ठा बांधतात. तुमच्या कारखान्यात जात नाही.

अक्का : आणि तारीख उगाच दिली तर? म्हणजे आपली, लिहायपुरती?

मॅडम : आठवड्याने मी फोन करून विचारते, काम झालं का म्हणून.

अक्का : खरंच करता?

मॅडम : घरचे हसतात मला. पण करते.

अक्का : तुम्ही पण दमलेल्या दिसता हो. म्हणजे दिसत नाही, आवाजावरून म्हणते.

मॅडम : दोन कॉलेजं करते, ताई. तारीख?

मिस्त्री : अक्का, माझ्यासाठी नको देऊस.

अक्का : मग कोणासाठी देऊ? स्वतःसाठी द्यायची असती तर आठ महिन्यांत दिली असती. लिहा मॅडम. कारण, डोळे. पाठवली, डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

मॅडम : तारीख.

अक्का : येत्या गुरुवारी. सकाळी दहा. अर्धा दिवस मागीन, दाढ काढायची म्हणून सांगीन. पुढचं पुढे. गुरुवारपर्यंत तर चेकर आहेच मी.

मॅडम : इथे सही लागेल. आपली मोठी करा, रेघेवर नसली तरी चालेल. हां. मिस्त्री, झालं तुमचं. सर्टिफिकेट उद्या खिडकीवर मिळेल. जाताना पुढच्याला आत पाठवा.

(मिस्त्री खुर्ची फिरवतो. अक्काकडे बघतो.)

अक्का : असा बघत काय बसलास? पास झालास ना?

मिस्त्री : गुरुवारी मी येतो.

अक्का : काही गरज नाही. सोमवारी नोकरीला लागणार आणि गुरुवारी रजा मागणार? डोक्यावर पडलायस का?

मिस्त्री : पहिला महिना दुपारची पाळी आहे मला. दोनपासून.

अक्का : दोनपासून?

मिस्त्री : हो.

अक्का : मग ये.