पदवीआधी मनोरा चढू नये

पिसाच्या कलत्या मनोऱ्यापाशी रांगेत माझ्यापुढे इथलंच, पिसातलं एक म्हातारं जोडपं उभं होतं. बाईंच्या पांढऱ्या केसांवर नव्या पदवीधरांचा हिरव्या पानांचा मुकुट होता.

“ऑर्नेला, काढ आता तो मुकुट. पर्यटक तुझेच फोटो काढतायत.”

“काढू देत. कालच पदवी मिळालीय, आज मिरवणार नाही तर कधी?”

“मिरव बाई, मिरव.”

“पदवीआधी मनोरा चढला की पदवी हुकते म्हणतात. शिक्षण सुटलं, मुलं झाली, बेकरी झाली, पण मी काही चढले नाही.”

“ठाऊक आहे. पाहुणे आले की तू हिरवळीवर बसून त्यांच्या पिशव्या सांभाळायचीस.”

“आणि तू खुशाल त्यांच्याबरोबर वर जायचास.”

“जात नव्हतो.”

“म्हणजे?”

“त्यांना दारापर्यंत सोडायचो आणि मागच्या गल्लीत कॉफी पीत बसायचो.”

“दुइलिओ, वरून समुद्र दिसतो म्हणून मला सांगायचास ते?”

“पाहुण्यांना विचारून सांगायचो.”

“तू तर पाव भाजणारा माणूस. तुला कुठे परीक्षा द्यायची होती?”

“मला नव्हती. पण घरात एकीची राहिली होती ना. उगाच विषाची परीक्षा कशाला?”

रांग पुढे सरकली. ही दोघं जागची हलली नाहीत.

“जरा खाली वाक.”

“कशाला?”

“टक्कल भाजतंय तुझं. हा मुकुट घाल.”