हाताचा रकाना

नको, उठू नका मॅडम, सृष्टी खालीच खेळतेय, येईल पाच मिनिटांत — चहा? नको म्हणालात, नोंद घेतली. तर काय म्हणत होतात — मुलं मराठी कानानं लिहितात, ऐकलं तसं उतरवतात, आणि इंग्रजी डोळ्यानं, शब्दाचं चित्र आठवून. मेंदूतले रस्तेच वेगळे. पटलं. सदतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतलाय या गोपाळकृष्ण गुरुजीनं, पटणारच. पण तुम्ही आठ दिवसांपूर्वी, मी शब्द सांगून तिच्याकडून लिहून घ्यावेत म्हणून ठेवून गेलेल्या कागदावर नातीचे मराठी शब्द वीसच्या वीस बरोबर आणि इंग्रजीचे अकरा चुकलेले, हे तुम्हाला खटकतंय. का खटकावं? इंग्रजी शाळेतली म्हणून? अहो, त्या शाळेचीच चिठ्ठी आली होती — घरी इंग्रजीच बोला, मराठीनं स्पेलिंगं बिघडतात. आमचा अवधूत हिंजवडीला संगणकापुढे बसतो, त्याला चिठ्ठी म्हणजे ब्रह्मवाक्य. सूनबाई म्हणाल्या, बाबा, तुमचं संध्याकाळचं शुद्धलेखन आता पुरे. म्हटलं, विद्यापीठातल्या मॅडमचा निकाल येऊ दे, मग बघू. आता वीसपैकी वीस म्हटल्यावर कोण बंद करतंय?

अक्षर? अक्षराला काय झालं? सात वर्षांच्या मुलीचं अक्षर वळणदार असू नये? — माझ्यासारखं दिसतं खरं. घराण्याचं वळण. — बरं, हसू नका. आमच्याकडे पोराला मांडीवर घेऊन, मुठीवर मूठ ठेवून गिरवून घेतात. पेन्सिल तिनं धरली, तिची मूठ मी धरली. कान तिचाच होता हो. चुकीकडे निघाली की मूठ आपोआप वळायची — मी नाही वळवली, सदतीस वर्षांच्या सवयीनं वळवली. इंग्रजीला मात्र शिवलो नाही. म्हणजे — एक-दोनदा ढकलली थोडी. चुकीकडे. मराठीचे वीस उठून दिसावेत म्हणून.

लिहून घेताय वाटतं. घ्या. पण तुमच्या तक्त्यात कानाला रकाना, डोळ्याला रकाना, हाताला कुठाय? दिवसातून तेवढा अर्धा तास ती मांडीवर बसते. एरवी जाता-येता गुड मॉर्निंग आजोबा. तो अर्धा तास गेला तर या फ्लॅटमध्ये मी करायचं काय, सांगा.

आली बघा. सृष्टी, पाय धुऊन ये. — द्या, नवा कोरा कागद द्या तिला. मी गॅलरीत बसतो. नाही गं, आज मांडीवर नाही — तिकडे, टेबलाशी, एकटीनं. मॅडम, गॅलरीच्या दाराला तुमच्या बाजूनं कडी घाला. घट्ट घाला. हात शिवशिवतो.