दोन्ही गाणी यांनी गाऊन दाखवली

...आणि वर मलाच विचारतात, "माझं काय चुकलं?" काय चुकलं! अहो, नाट्यगृह भरलेलं, दिवे लागलेले, आणि नवरा उभा राहून संगीतकाराला चोर म्हणतो! त्याच नाटकात आपली सख्खी लेक काम करतेय, आयुष्यातलं पहिलं एकटीचं गाणं गातेय, आणि हे म्हणतात तेच गाणं चोरीचं! मी मागून शर्ट ओढतेय, "अहो, बसा ना खाली!" शर्ट आला हातात, माणूस काही बसला नाही.

तुम्हाला सांगते, यांना संगीत नाटकाचं भयंकर वेड. ऑफिसात हे पाण्याच्या नळांचे नकाशे काढतात, त्यामुळे कुठलं पाणी कुठून आलं हे शोधायची खोडच लागलीय. नाटकाला बसले की डोळे मिटायचे आणि मांडीवर ठेका धरायचा. तो ठेका तबल्याच्या जरा मागून येतो, पण येतो! मध्यंतरात चहाच्या काउंटरपाशी यांची मंडळी जमणार, सगळे एकाच माळेचे मणी. चहा थंड होतोय आणि वाद काय? "मुखडा उचललाय!" "छे, अंतरा बघा, अंतरा स्वतंत्र आहे!" "अंतऱ्याला कोण विचारतंय?" आणि आमचे हे कप उंच धरून, "म्हाताऱ्या संगीतकारांचं ते नदीचं गाणं आठवा. सरळसरळ तेच आहे. लिहून देतो!"

म्हातारे संगीतकार म्हणजे मागच्या पिढीतले, केव्हाच गेले बिचारे. यांच्या मते त्यांच्यानंतर जगात कुणी चाल लावलीच नाही. आणि या नाटकाची संगीतकार कोण, तर एक पोरगी, आमच्या लेकीहून थोडी मोठी. तिचं हे पहिलंच नाटक. पहिलंच हो!

तर प्रयोग संपला की कलाकार स्टेजवर खुर्च्या टाकून बसतात आणि लोक प्रश्न विचारतात. काय विचारतात? पाठांतर कसं करता, भीती वाटते का. साधी माणसं, साधे प्रश्न. आणि हे उठले! "माझा प्रश्न संगीतकारबाईंना आहे. दुसऱ्याची चाल आपल्या नावावर खपवताना काही वाटत नाही का?"

अहो, बसा ना खाली!

पोरगी बिचारी शांतपणे म्हणाली, "काका, ते गाणं मला फार आवडतं. पण ही चाल माझी आहे. कुठे सारखी वाटते, सांगाल?" झालं! "सांगतो कशाला? गाऊनच दाखवतो!"

तुम्हाला सांगते, धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला. कारण आमच्या घरात एक गोष्ट आहे, ती मला ठाऊक, लेकीला ठाऊक, आणि यांनाच ठाऊक नाही. हे कुठलंही गाणं एकाच चालीत म्हणतात. कुठलंही! अंगाई घ्या, लढाईचं घ्या, शब्द बदलतात, चाल तीच. आम्ही हसायचो, तर यांना वाटायचं खूश होऊन हसताहेत! आणि हा मनुष्य गाण्यांची तुलना करतो कशी? ऐकून नाही हो, आंघोळ करताना गाऊन! लेकीची घरी तालीम चालायची ना? यांनी आधी ते नदीचं गायलं, मग हे लेकीचं गायलं, आणि बादलीत तांब्या टाकून ओरडले, "चोरी! चोरी!" मी स्वयंपाकघरातून धावले, म्हटलं काय गेलं घरातलं!

गायले. दोन्ही गायले. हुबेहूब एकसारखी! मागून कुणीतरी म्हणालं, "अरे बापरे, स्वरन्‌स्वर तोच की!" टाळ्या पडल्या. ती पोरगी आपल्या हातांकडे बघत बसली. मागच्या रांगा समाधानानं उठल्या, गाड्या काढायची घाई असते ना, निघाल्यासुद्धा. आणि मी? चारचौघांत नवऱ्याला बेसूर कसं म्हणायचं!

लेकीनं म्हटलं. म्हणजे तसं नाही म्हटलं. माइक घेतला आणि म्हणाली, "बाबा, मला झोपवताना म्हणायचात, ते म्हणा ना." आणि हा बाप, हरखून, तेही म्हणायला लागला! तीच चाल! आधी कुणाला कळेना. मग एक हसला, मग सगळे. कुणी ओरडलं, "काका, वाढदिवसाचं होऊन जाऊ द्या!" यांनी तेही सुरू केलं... आणि अर्ध्यात थांबले. बहुतेक जन्मात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं असावं. कान लाल झाले. माझ्याकडे बघितलं. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. लाज वाटली हो, यांची वाटली त्याहून माझी जास्त वाटली.

आता बसले खाली!

घरी आले ते थेट आंघोळीला. न्हाणीघरातून नुसता पाण्याचा आवाज. मला वाटलं, झालं ते झालं, मिटलं. कसलं मिटतंय! मागच्या रांगा लवकर गेल्या होत्या ना? त्यांनी अंगाई ऐकलीच नव्हती! त्यांनी बाहेर सांगितलं, "एका जाणकार गृहस्थानं गाऊन सिद्ध केलं." जाणकार! निर्मात्यांनी पुढचे प्रयोग थांबवले. लेक आली, यांच्यासमोर उभी राहिली, म्हणाली, "बाबा, माझं जाऊ दे. पण तिला आता कुणीही काम देणार नाही." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून निर्मात्यांच्या ऑफिसात गेले. मीही गेले, एकट्याला कसं सोडणार? ती पोरगीही तिथेच होती, आपल्या वह्या न्यायला आलेली. हे म्हणाले, "साहेब, चाल हिचीच आहे. मला गाता येत नाही."

"काय हो, एवढे जाणकार तुम्ही, आणि हा विनय!"

"विनय नाही हो. ऐका." आणि शाळेतल्या पोरासारखे हात जोडून उभे राहिले आणि गायले. एकामागून एक. घाम पुसत, मान खाली घालून, तीच चाल, तीच चाल... त्या दिवशी मला हसू नाही आलं. शेवटी पोरगीच म्हणाली, "काका, पुरे. बसा ना."

पण निर्माते कसले थांबतात! धंद्याचा माणूस. "हे लोकांसमोर म्हणाल?"

म्हणतात! दर प्रयोगाआधी पडद्यापुढे उभे राहतात, हकिगत सांगतात, दोन्ही गाणी म्हणतात, वर अंगाई. मग पडदा उघडतो, लेक खरी चाल गाते आणि लोकांना फरक कळतो. पोरीचं नाव धुऊन निघालं, लेक बोलायला लागली, सगळं खरं. पण टाळ्या लेकीला आणि वन्समोअर यांना! मी आपली शेवटच्या रांगेत, खांबाआड.

तेवढ्यावर थांबतील तर शपथ. लाज वाटते म्हणून चोरून शिकायला लागलेत हो! परवाच्या प्रयोगात नदीचं गाणं चक्क थोडं नदीच्या गाण्यासारखं झालं. लगेच मागे कुजबुज, "याला तर गाता येतं! मग तेव्हा खरंच गायला असणार. आता पैसे चारून बेसूर गायला लावलंय!" निर्माते धावत आले, "वहिनी, काहीही करा, पण यांना सुधारू देऊ नका!"

काय करणार? बाकीच्या बायका नवरा सुधारावा म्हणून जन्म घालवतात. आमचे हे सकाळी रियाजाला बसले, की मी मिक्सर लावते. रिकामाच.